लग्नाशिवाय एकत्र घेतलेलं घर: वेगळं होताना काय करायचं

मी सांगलीत दिवाणी वकिली करते. जागा, जमीन, वाटप, ताबा हेच माझं रोजचं काम. पूर्वी या कामात भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे आणि नवरा-बायको यायचे. आता आणखी एक जोडी येते: लग्न न झालेले, पण एकत्र राहिलेले आणि एकत्र पैसे घातलेले दोघं. मिरजेच्या दवाखान्यात ओळख झालेली परिचारिका आणि लॅबमधला तंत्रज्ञ, कुपवाड एमआयडीसीत एकाच पाळीला असणारे दोघं, साखरपुडा झाल्या झाल्या फ्लॅट बुक केलेले आणि मग सोयरीक मोडलेली. यातल्या बहुतेकांना घरी काही सांगता येत नाही. वर्ष-दीड वर्ष ते नुसते कुढत बसतात, आणि तेवढ्यात मुदती निघून जातात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. नवरा-बायकोतल्या मालमत्तेच्या वादासाठी कौटुंबिक न्यायालयाचा १९८४ चा कायदा आहे, हिंदू विवाह कायद्यात पोटगीची आणि लग्नात मिळालेल्या वस्तूंची तरतूद आहे. लग्न झालेलं नसेल तर यातलं काही लागू होत नाही. घरापुरते तुम्ही दोन सहमालक असता, किंवा एक मालक आणि एक पैसे देणारा, किंवा एक मालक आणि एक नुसता राहणारा. कोणी कोणाला फसवलं, आधी कोण दुरावलं, याची चौकशी दिवाणी न्यायालय करत नाही. तिथं तीन गोष्टी विचारल्या जातात: दस्तावर नाव कोणाचं, पैसा कोणाच्या खात्यातून गेला, आणि ताबा कोणाकडं आहे. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि प्रत्येकासाठी दाद मागायची वाट वेगळी आहे. समोर बसलेला माणूस मात्र तिन्ही एकत्र करून "मॅडम, घर माझं आहे" एवढंच सांगतो. म्हणून कामाची सुरुवात या तीन गोष्टी सुट्या करण्यापासून होते.

आधी कागद, मग बोलणी

दुसऱ्याला नोटीस पाठवण्याआधी, भांडण्याआधी, मामा-काकांना मध्ये घालण्याआधी कागद गोळा करा. नोंदणीकृत करारनामा किंवा खरेदीखत, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश), बँकेचं कर्जमंजुरीपत्र, कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा, बिल्डरच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी, वीजबिल. यात सगळ्यात मोलाचा कागद लोक सगळ्यात शेवटी आणतात, तो म्हणजे स्वतःच्या बचत खात्याचा खरेदीच्या वर्षातला उतारा. पासबुक भरून नवीन घेतलं असेल तर बँकेत लेखी अर्ज द्या आणि शुल्क भरून जुना उतारा काढून घ्या. दहा-बारा वर्षं मागं जायचं झालं तर उतारा मिळवणं अवघड होत जातं, म्हणून हे काम पहिलं.

आपल्याकडं २०१९ च्या महापुरात कित्येकांची कपाटं पाण्यात गेली. खरेदीखत भिजून गेलं असेल तर घाबरू नका. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळते. दस्त क्रमांक आठवत नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून शोधता येतो. पण नोटरीपुढं केलेला कागद किंवा हातानं लिहिलेली पैसे मिळाल्याची पावती गेली असेल, तर तिची सरकारी नक्कल कुठंही नसते. अशा वेळी बँकेची नोंद आणि मोबाइलमधला संवाद यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मोबाइलचं सांगते. "तू दिलेले चार लाख मी विसरलेलो नाही" असा एक संदेश दाव्यात फार उपयोगी पडतो. पण नुसता स्क्रीनशॉट छापून आणला तर समोरचा वकील तो खोडून काढायला बघतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फोन जपा, फॉरमॅट करू नका, नवीन घेतला तरी जुना विकू नका. रागाच्या भरात एकमेकांना ब्लॉक करताना लोक सगळा संवाद पुसून टाकतात. तो पुसू नका.

या काळात कोऱ्या किंवा अर्धवट लिहिलेल्या मुद्रांकावर सही करायची नाही. "फक्त बँकेसाठी" म्हणून पुढं केलेल्या कागदावरही नाही. दाराचं कुलूप बदलायचं नाही, हप्ता अचानक थांबवायचा नाही. मारहाण किंवा धमकी झाली असेल तर पोलीस ठाण्यात लगेच जा, तो तुमचा हक्क आहे. पण घर सोडवून घेण्यासाठी खोटी किंवा फुगवलेली फिर्याद देऊ नका. दिवाणी वाद फौजदारीत ओढलेला न्यायालयाला आवडत नाही, आणि तुमच्या खऱ्या मागणीवरचा विश्वासही त्यामुळं कमी होतो.

दोघांची नावं दस्तावर असतील तर

ही त्यातल्या त्यात सोपी स्थिती. दस्तात हिस्से लिहिलेले असतील, समजा साठ-चाळीस, तर तेच धरायचे. नुसती दोन नावं असतील तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचं कलम ४५ लागू होतं. वेगवेगळ्या पैशातून खरेदी झाली असेल तर ज्यानं जेवढी रक्कम घातली त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर दोघांचे समान हिस्से. जुन्या बँक उताऱ्यासाठी मी एवढी मागं का लागते ते इथं कळेल. साठ टक्के पैसे घालूनही पुरावा नसला तर तुम्ही निम्म्यावर येता.

कर्जात सहअर्जदार असणं आणि दस्तात सहमालक असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँक उत्पन्न वाढवून दाखवण्यासाठी दोघांनाही कर्जात घेते, पण खरेदीखतात एकाचंच नाव असू शकतं. मग दुसऱ्याच्या माथी कर्ज असतं आणि घर नसतं. बँकेपुढं दोघं संपूर्ण कर्जाला जबाबदार असतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण वसुली करू शकते. ज्यानं जास्त भरलं त्यानं नंतर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा. "मी आता तिथं राहत नाही, मी हप्ता का भरू" हे बँकेला सांगून उपयोग नाही. हप्ता थकला की सिबिल दोघांचंही बिघडतं.

नाव एकाचंच असेल तर

इथं माझं मन खरोखर जड होतं, कारण पैसे घालणारा बहुधा विश्वासावर घालतो. असं का होतं ते सांगते. महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि ती फक्त महिलाच खरेदीदार असेल तर मिळते. बत्तीस लाखांच्या फ्लॅटमागं बत्तीस हजार वाचतात, म्हणून दोघं ठरवून तिचंच नाव लावतात. उलटही होतं. कर्ज त्याच्या पगारावर मिळतं, म्हणून नाव त्याचं, आणि तिनं सोनं मोडून दिलेले पैसे कुठंच लिहिलेले नाहीत.

आता ज्याचं नाव नाही त्यानं "खरा मालक मी, तिचं नाव नुसतं नावापुरतं" असा दावा टाकायची घाई करू नये. बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध कायदा, १९८८ असा दावाच चालू देत नाही. कलम ४ मध्ये तो मज्जाव आहे. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती, पत्नी किंवा मुलांच्या नावानं घेतलेल्या मालमत्तेला त्या कायद्यातून सूट आहे. लग्न न झालेल्या जोडीदाराला ती सूट नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी व्यवहाराला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. म्हणजे घर मागायला गेलेला माणूस स्वतःच्याच लेखी कबुलीनं अडकू शकतो. दाव्याचा मसुदा करण्याआधी वकिलाला खरं काय ते सगळं सांगा.

मग वाट कोणती? पैसे देताना बोली काय झाली होती ते आठवा आणि जे खरं असेल तेच लिहा. उसने दिले होते का? मग घर मागायचं नाही, रक्कम मागायची. उसन्या रकमेच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे पैसे दिल्यापासून तीन वर्षं मिळतात. परतफेडीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं. ही मुदत संपायच्या आत समोरच्यानं सही करून लेखी कबुली दिली तर तिथून नव्यानं मोजणी सुरू होते. म्हणून बोलणी गोडीत चालू असतानाच एका कागदावर "अमुक तारखेला अमुक रक्कम मिळाली, ती देणे आहे" असं लिहून सही घ्या. अजून बरं चाललंय, कागद कशाला मागायचा, या संकोचात तीन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

प्रेमानं भेट म्हणून दिले असतील तर ते परत मागता येत नाहीत. पूर्ण झालेली भेट दात्याच्या मनात आलं म्हणून रद्द होत नाही, नातं तुटलं म्हणूनही नाही. हे ऐकून लोक दुखावतात, पण खोटं आश्वासन देऊन दावा टाकायला लावणं त्याहून वाईट. मोबाइल, दुचाकी, वाढदिवसाची अंगठी यांच्यामागं लागू नका. दुचाकी ज्याच्या नावावर असेल त्याच्याकडं राहू द्या आणि बाकीच्या वस्तूंची यादी करून एका दिवशी अदलाबदल करा.

गुंठेवारीचा प्लॉट आणि शेतजमीन

सांगली-मिरज-कुपवाडमध्ये हा विषय टाळून चालतच नाही. शामरावनगरसारख्या भागात अनेकांनी गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर आराखड्याशिवाय तुकडे पाडून विकलेले, दीड-दोन गुंठ्यांचे प्लॉट नोटरी केलेल्या कागदावर, साठेखतावर (पुढं विकण्याच्या करारावर) किंवा कुलमुखत्यारपत्रावर घेतले आहेत. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. साठेखत आणि मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्या प्लॉटवरून दोघं भांडतायत, तो कायद्यानं अजून मूळ मालकाच्याच नावावर असू शकतो. अशा वेळी एकमेकांविरुद्ध दावा टाकला आणि मूळ मालकाच्या वारसांना कळलं, तर दोघांचंही जातं. माझा सल्ला असा की आधी दोघांनी मिळून प्लॉट कायदेशीर करून घ्या, मग वाटणीचं बोला. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ मिळू शकतो. फक्त महापालिकेच्या नियमितीकरणाच्या कागदावर किंवा घरपट्टीवर एकाचं नाव लागलं म्हणून तो एकटा मालक झाला, असं समजू नका. घरपट्टी कर वसूल करण्यासाठी असते.

शेतजमिनीचं वेगळं. आपल्याकडं शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कूळ व शेतजमीन कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षबागेसाठी जमीन घेताना दोघांपैकी ज्याच्याकडं शेतकरी दाखला होता त्याचंच नाव लागतं, आणि पैसे दोघांचे असतात. इथंही बेनामीची तीच अडचण येते. सातबाऱ्यावर तुमचं नाव आधीपासून असेल आणि समोरचा ते कमी करायला निघाला असेल तर फेरफाराकडं, म्हणजे नावबदलाच्या नोंदीकडं, लक्ष ठेवा. नोटीस निघाल्यापासून पंधरा दिवसांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडं, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग ती नोंद तक्रारी होते आणि मंडल अधिकारी दोघांना ऐकून निर्णय देतात. महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो. वाद चालू आहे तोवर तो अधूनमधून काढत जा.

हिशेब टेबलावर कसा मांडायचा

बरीच भांडणं हिशेब न मांडल्यामुळं लांबतात. एक उदाहरण घेते. विश्रामबागचा फ्लॅट, नावं दोघांची, किंमत बत्तीस लाख. तिनं सुरुवातीला नऊ लाख घातले, त्यानं तीन लाख. वीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी, व्याज साडेआठ टक्के. हप्ता साधारण सतरा हजार साडेतीनशे, आणि चार वर्षं तो त्याच्याच पगारातून गेला. आता तो म्हणतो, "मी आठ लाख तेहतीस हजार भरलेत, म्हणजे माझे एकूण अकरा लाख तेहतीस हजार." ती म्हणते, "नऊ लाख माझे, घर माझं."

दोघांनी कर्जखात्याचा उतारा पुढ्यात घेतला तर दिसतं की त्या आठ लाख तेहतीस हजारांतून मुद्दल जेमतेम एक लाख ऐंशी हजार फिटलं आहे. उरलेलं सगळं व्याज. घर बांधलं गेलं ते मुद्दलातून. व्याज दोघं तिथं राहिल्याचा खर्च झाला, भाड्यासारखा. तडजोडीच्या टेबलावर मी हिशेब असा करते: आजची किंमत चाळीस लाख धरली आणि शिल्लक कर्ज अठरा लाख वीस हजार वजा केलं तर उरतात एकवीस लाख ऐंशी हजार. त्यातून आधी प्रत्येकाची गुंतवणूक बाहेर काढायची. तिचे नऊ लाख, त्याचे तीन अधिक एक ऐंशी म्हणजे चार लाख ऐंशी हजार. मागं राहतात आठ लाख. ही वाढ गुंतवणुकीच्या प्रमाणात वाटली तर तिला साधारण पाच लाख वीस हजार आणि त्याला दोन लाख ऐंशी हजार. एकूण तिचे चौदा लाख वीस हजार, त्याचे सात लाख साठ हजार.

न्यायालय हिशेब असाच करेल असं मी म्हणत नाही. दस्तात हिस्से लिहिलेले असतील तर ते आधी येतात. त्या काळात किराणा, वीजबिल, आईच्या दवाखान्याचा खर्च तिनं केला असेल तर तोही बोलण्यात यायला हवा. पण आकडे कागदावर उतरले की आवाज खाली येतात, हे मी माझ्या कार्यालयात पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. किमतीवरून जुळत नसेल तर सरकारी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून एकच अहवाल काढा आणि त्याची फी निम्मी निम्मी भरा. दोघांनी दोन अहवाल आणले की वादात आणखी एक वाद वाढतो.

घरात राहण्याचा प्रश्न

नाव नसलेल्या स्त्रीला रातोरात बाहेर काढलं जातं, तेव्हा मालकीचा दावा उपयोगाचा नसतो. तो वर्षानुवर्षं चालतो. तिथं कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ कामाला येतो. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या आणि त्या नात्यात हिंसा, छळ किंवा आर्थिक कोंडी सोसलेल्या स्त्रीला त्यात सामायिक घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. तिला बाहेर काढू नये, घर परस्पर विकू नये, तिचे दागिने आणि कागद परत द्यावेत, किंवा तिच्यासाठी दुसऱ्या जागेचं भाडं द्यावं, असेही आदेश होतात. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडं करायचा. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी त्यात मदत करतात. प्रत्येक नातं मात्र यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणात कसोट्या घातल्या आहेत: दोघं लग्नाच्या वयाचे आणि लग्न करू शकतील असे, समाजात नवरा-बायकोसारखे वावरणारे, स्वखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेले. तो आधीच विवाहित आहे हे माहीत असून सुरू झालेलं नातं यात धरलं जात नाही, असं २०१३ च्या इंद्रा सर्मा निकालात आहे. आणि हा आदेश राहण्याचा आहे, मालकी त्यानं मिळत नाही. पुरुषाला किंवा एकत्र राहणाऱ्या दोन मैत्रिणींना एकमेकींविरुद्ध लग्नासारख्या नात्याच्या आधारावर हा रस्ता नाही. त्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागायचा.

सहमालक असून तुम्हाला बाहेर ठेवून कुलूप बदललं असेल, तर विशिष्ट सहाय्य कायदा, १९६३ याचं कलम ६ लक्षात ठेवा. ताबा तुमचाही होता आणि तो बेकायदा काढून घेतला, एवढं दाखवलं की मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागता येतो. मुदत फक्त सहा महिने. भाऊ आणि मित्र घेऊन कुलूप तोडायला जाऊ नका. त्यातून तुमच्यावरच गुन्हा नोंद व्हायची वेळ येते.

तडजोड झाली तर ती कागदावर कशी उतरवायची

बोलणी करताना प्रत्येकानं एकच माणूस बरोबर आणावा. दोन्हीकडचे मामा, गावचे पुढारी, मित्रमंडळ सगळे आले की विषय घरावरून घराण्यावर जातो. खाजगीत जमत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दावा दाखल करण्याआधीच अर्ज देता येतो. तिथं मध्यस्थी होते, आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील नसतं. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

ठरलं की सगळ्यात आधी बँकेत जा. एकाच्या उत्पन्नावर उरलेलं कर्ज ठेवायला बँक तयार आहे का, हे कळल्याशिवाय कोणीही हिस्सा सोडू नये. नाहीतर ती हिस्सा सोडून देते आणि कर्जदार म्हणून तिचं नाव आणखी सोळा वर्षं तसंच राहतं. बँक नाही म्हणाली तर दुसऱ्या बँकेत कर्ज वळवा किंवा घर विकून हिशेब मिटवा. बँकेचं ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय दस्ताची तारीख धरू नका.

दस्त करताना एक धक्का बसतो, तो आधीच सांगून ठेवते. कुटुंबातल्या माणसांना हक्कसोडपत्रात आणि बक्षीसपत्रात जी नाममात्र शुल्काची सवलत आहे ती तुम्हाला मिळत नाही. तुमच्या हक्कसोडपत्राला त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क पडतं. म्हणून पैसे देऊन हिस्सा घेतला जात असेल तर मी सरळ अविभक्त हिश्श्याचं खरेदीखतच करायला सांगते. वरच्या उदाहरणात दस्तात निम्मे-निम्मे हिस्से लिहिलेले असतील, तो तिचा हिस्सा घेणार असेल आणि रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी दरतक्त्यानं, फ्लॅट छत्तीस लाखांचा असेल, तर अठरा लाखांवर महापालिका हद्दीतला अधिभार धरून सहा टक्के म्हणजे एक लाख आठ हजार, आणि नोंदणी फी एक टक्का म्हणजे अठरा हजार. हे कोणी भरायचं ते बोलणीतच ठरवा. फुकट हिस्सा सोडून देणाऱ्यांनी आणखी एक बघावं. आयकराच्या दृष्टीनं लग्न न झालेला जोडीदार नातेवाईक धरला जात नाही, त्यामुळं पन्नास हजारांहून जास्त मूल्याची मालमत्ता मोबदल्याशिवाय मिळाली तर घेणाऱ्याला कर लागतो. सीएला एकदा कागद दाखवा.

नोटरी केलेल्या तडजोडपत्रावर थांबू नका. त्यानं घर कोणाच्याही नावावर जात नाही. पैसे आणि सही एकाच वेळी व्हाव्यात, म्हणजे दुय्यम निबंधकांपुढं अंगठा देण्याआधी डिमांड ड्राफ्ट हातात किंवा रक्कम खात्यात. "उरलेले दोन लाख दिवाळीत देतो" असं असेल तर पुढच्या तारखेचे धनादेश घ्या आणि दस्तात त्यांचे क्रमांक लिहा. धनादेश वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, पंधरा दिवसांची वाट पाहावी लागते आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार करावी लागते.

दावाच करावा लागला तर

दोघंही सहमालक असतील तर वाटपाचा दावा. फ्लॅटच्या भिंती वाटता येत नाहीत, पण १८९३ च्या वाटप कायद्यात त्याची सोय आहे. निम्मा किंवा जास्त हिस्सा असणारा न्यायालयाला विक्रीची विनंती करू शकतो, आणि मग दुसऱ्याला न्यायालयानं ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घ्यायची संधी मिळते. ही तरतूद समोरच्याला समजली की बरेचदा तो तडजोडीला तयार होतो. दाव्यासोबतच मालमत्ता विकायला तात्पुरता मनाई हुकूम मागा आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडं नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळात घेणारा "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही. समोरचा आधी न्यायालयात जाईल असं वाटत असेल तर कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश करू नये असा अर्ज, दाखल करा. ते नव्वद दिवस चालतं.

दस्त नोंदला गेला किंवा हुकूमनामा झाला की उरलेली कामं लगेच करून टाका. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आणि सिटी सर्व्हेला नाव बदलायचं, घरपट्टी आणि महावितरणचं कनेक्शन बदलायचं, बँकेचा बोजा ज्याच्या नावावर राहायला हवा त्याच्याच नावावर आहे ना ते पाहायचं, सोसायटी, विमा आणि बँक खात्यातलं जुनं नामनिर्देशन काढायचं. पूर्वीच्या जोडीदाराच्या नावानं मृत्युपत्र केलं असेल तर नवीन मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा, आणि जुनं रद्द केल्याचं त्यात स्पष्ट लिहा.